समोरच्याचाही आवाज आला पाहिजे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून काढले आहे.)



समितीने मला हुकूम केला की, विहारात आपण थोडक्या पैशात जी दोन्ही बाजूंनी दिसण्याची आणि बोलण्याची सोय केली, तिच्याविषयी आज बोलायचे. आजूबाजूच्या वस्त्यांतून विचारणा होते. खर्च किती आला, सामान काय लागते, आमच्याकडे होईल का, असे लोक विचारतात. आता मी काही इंजिनियर नाही. जिनिंग मिलमध्ये मशीनपुढे उभे राहून माझे आयुष्य गेले. जे काही शिकलो ते वाचून, विचारून आणि बिघडवून शिकलो. म्हणून पुस्तकी बोलणार नाही. आपण काय केले आणि कुठे चुकलो एवढेच सांगतो. त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे. तीही सांगणार आहे, कारण तिच्यातूनच मला या कामाचा अर्थ कळला.

आजीने काय विचारले

२५ मार्च २०२० पासून देशात लॉकडाऊन लागला. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती आपण घरातच दिवे लावून साजरी केली. पुढे ६ डिसेंबर आला. चैत्यभूमीवर गर्दी करू नका, घरूनच अभिवादन करा, असे शासनाने सांगितले. दादरचा कार्यक्रम दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आणि मोबाईलवर थेट दाखवला गेला. चांगलेच केले. रोगराईच्या काळात दुसरा मार्ग नव्हता.

आपल्या वस्तीतल्या एक आजी वर्षानुवर्षे पूर्णा जंक्शनहून गाडी धरून दादरला जायच्या. पिशवीत भाकरी, चटणी आणि पांढरी साडी. त्या दिवशी पोरांनी त्यांना मोबाईलसमोर बसवले. आजींनी हात जोडले आणि मोबाईलकडे बघून मोठ्याने 'जयभीम' म्हटले. थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "दिसतंय तर समदं. पण मी आले व्हते, हे तिकडं कोणाला कळलं?"

पोरं हसली. मला मात्र हसू आले नाही. दादरला गेल्यावर आजींना बाबासाहेबांचे दर्शन तर व्हायचेच, पण त्यांना तिथे कोणीतरी पाहायचे, बोलायचे, "मावशी, कोणत्या गावच्या?" म्हणून विचारायचे. टीव्हीने दर्शन घरी आणून दिले. विचारणारा माणूस मात्र आणला नाही.

नुसते ऐकण्याची जुनी रीत

मित्रहो, एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी नुसते ऐकायचे, ही रीत आपल्या देशात फार जुनी आहे. कोणी बोलायचे हे जन्मावरून ठरत होते. म्हणून तर बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. मुक्यांचा नायक. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, त्यातले बरेचसे लिखाण बाबासाहेब स्वतः करीत. पैशाअभावी १९२९ साली तेही बंद पडले. तरी १९३० साली 'जनता' निघाले आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पैसा कमी होता म्हणून आवाज बंद ठेवला नाही, हा त्यातला धडा आहे. बजेट कमी असण्याची आपल्याला सवयच आहे म्हणा ना.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बाबासाहेबांचे भाषण झाले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी त्यात सांगितले. केवढा मोठा विचार! पण ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांनी तो ऐकला, आणि ऐकून कोणाच्या मनात प्रश्न आला असेल तर तो मनातच राहिला. त्या यंत्राचा गुणच तसा आहे. आमच्या लहानपणी परभणी आकाशवाणी ऐकायचो. काही कळवायचे तर पोस्टकार्ड टाकायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचे. तेच आमचे दोन्ही बाजूंचे बोलणे. मिलच्या भोंग्याचेही तसेच. भोंगा वाजला की आम्ही निघायचो. भोंग्याला काही विचारता येत नाही.

टीव्हीही तसाच आला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून आपल्या देशातल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्राचा नंबर नव्हता. खेड्यातल्या माणसाने शेती पाहिली, आरोग्य पाहिले, पण त्याला उलट बोलता येत नव्हते. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडला. त्यावरून दूरच्या वर्गातला विद्यार्थी शिक्षकाला प्रश्न विचारू शकेल अशी सोय झाली. परंतु त्यासाठी छपरावर मोठी तबकडी, वेगळी यंत्रे आणि मागे एखादी संस्था लागायची. वस्तीतल्या विहाराचे ते काम नव्हते. २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि हे काम आपल्या आवाक्यात आले. अडचण एकच. हातात दोन्ही बाजूंनी बोलणारे यंत्र आले, आणि आपण ते वापरतो मात्र जुन्या रेडिओसारखे.

पहिला प्रयत्न कसा फसला

आपणही आधी तेच केले. एका बुद्धपौर्णिमेला पोरांनी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावले. मोबाईलवरून लावायचे तर चॅनेलला किमान पन्नास सदस्य लागतात, कॉम्प्युटरवरून ती अट नाही. पण पहिल्यांदा परवानगी मिळायला चोवीस तास लागू शकतात, हे आम्हाला आदल्या रात्री कळले. कसेबसे सुरू झाले. भन्तेजींनी प्रवचनानंतर विचारले, "कोणाला काही विचारायचे आहे का?" दहा सेकंद थांबले आणि "साधु, साधु" म्हणून संपवले. तिकडे आपली पुण्याची मंडळी, ज्यांनी प्रश्न लिहून पाठवले, त्यांच्यापर्यंत भन्तेजींचे विचारणेच अर्ध्या मिनिटाने पोचले होते. त्यांचे प्रश्न आले तेव्हा इकडे आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो.

असे का होते, ते समजून घ्या. यूट्यूब किंवा फेसबुकवर आपण थेट दाखवतो, तेव्हा ती कंपनी आपले चित्र आधी स्वतःकडे घेते, त्याचे लहान-लहान तुकडे करते, कमी-जास्त वेगाच्या मोबाईलसाठी वेगवेगळे आकार बनवते आणि मग पुढे पाठवते. मधेच अडकू नये म्हणून बघणाऱ्याचा मोबाईलही थोडे चित्र साठवून ठेवतो. या सगळ्यात काही सेकंद, कधी वीस-तीस सेकंद जातात. हजारो लोकांना दाखवायला ही पद्धत उत्तम आहे. बोलायला मात्र कामाची नाही. व्हिडिओ कॉलचे तसे नसते. तो साठवत बसत नाही. जे आले ते लगेच पुढे ढकलतो, एखादा तुकडा हरवला तर सोडून देतो. म्हणून चित्र कधी फाटते, पण बोलणे सेकंदाच्या आत पोचते. तेव्हा पहिला नियम असा की, नुसते दाखवायचे असेल तर प्रक्षेपण आणि बोलायचे असेल तर कॉल.

कॉलमध्येही फुकटात काय मिळते ते बघा. व्हॉट्सअॅपवर बत्तीस माणसे येतात. गूगल मीटवर शंभर येतात, पण तिघे किंवा जास्त असले की साठ मिनिटांची मर्यादा आहे. झूमची फुकटची मर्यादा चाळीस मिनिटांची आहे. आपण मीट घेतले. साठ मिनिटांनी बंद पडते, मग त्याच लिंकवर पुन्हा यायचे. एका दृष्टीने हे बंधन बरेच आहे. आमच्यासारख्या माइक न सोडणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यामुळे शिस्त लागली.

खर्चाचा हिशेब

समितीने बारा हजार रुपये मंजूर केले होते. खर्च असा झाला. जुना बत्तीस इंची टीव्ही ४,५०० रुपये. टीव्हीला जोडायची एचडीएमआय वायर २५०. आवाजासाठी यूएसबीचे छोटे साउंड कार्ड आणि तारेचा साधा माइक मिळून ४५०. मोबाईल ठेवायचा तिपाई स्टँड ६००. इंटरनेटच्या डब्यासाठी छोटा यूपीएस १,४००. लांब वायरचा बोर्ड ३००. हे झाले ७,५०० रुपये. त्यात फायबरच्या जोडणीचे पहिल्या महिन्याचे ५९० धरले तर एकूण ८,०९०. लॅपटॉप आपल्याच एका शिकून नोकरीला लागलेल्या पोराने दिला. त्याची बॅटरी मेलेली आहे, विजेवर चालतो, पण चालतो. कॅमेरा म्हणून एकाचा जुना मोबाईल आहे, त्याची काच तडकलेली, कॅमेरा मात्र ठणठणीत.

बाजारात भाव कमी-जास्त होतील, पण हिशेबाची रीत ध्यानात ठेवा. आधी कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. चित्र अंधुक असले तरी माणसं समजून घेतात. आवाज नीट नसला तर पाच मिनिटांत उठून जातात. म्हणून पहिला पैसा आवाजावर, दुसरा जोडणीवर, तिसरा विजेच्या सोयीवर आणि उरला तर चित्रावर. महिन्याच्या खर्चाचे म्हणाल तर साठ घरांनी दहा-दहा रुपये दिले की सहाशे होतात. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत किती जातात ते आपल्याला माहीतच आहे. मी जास्त बोलत नाही.

आवाज का घुमतो

दुसऱ्या वेळी आपण मीट लावले आणि अशी शिट्टी सुटली की लेकरं कानावर हात ठेवून बाहेर पळाली. कारण सोपे होते. पुण्याच्या ताई बोलल्या, त्यांचा आवाज आपल्या बॉक्समधून निघाला, तो आपल्या माइकने पकडला, परत पुण्याला गेला, तिथून पुन्हा आपल्याकडे आला. आवाज वर्तुळात फिरत राहतो आणि वाढत जातो. त्यात दोन पोरांनी कौतुकाने आपापल्या मोबाईलवरही तोच कॉल लावलेला. म्हणजे एका हॉलमध्ये तीन तोंडे आणि तीन कान.

यावर उपाय बिनपैशाचे आहेत. एका जागी माइक एकच चालू असावा. कॅमेऱ्यासाठी जो मोबाईल कॉलमध्ये आहे त्याचा माइकही बंद आणि आवाजही बंद. बोलणे-ऐकणे फक्त लॅपटॉपवरून. बॉक्सचे तोंड लोकांकडे ठेवा आणि माइक बॉक्सच्या मागे ठेवा. लॅपटॉपमधून आवाज अॅम्प्लिफायरकडे न्यायचा, पण अॅम्प्लिफायरमधून परत लॅपटॉपकडे वायर आणायची नाही, नाहीतर वर्तुळ पुरे झालेच. बाहेरचा भोंगा त्या वेळेपुरता बंद. आवाज बेताचा ठेवा. आपला हॉल साठ माणसांचा आहे, तिथे लाखाच्या सभेचा आवाज कशाला?

उजेडाचेही तसेच. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. आपले पूर्वीचे आसन खिडकीपुढे होते. ते फिरवले, एक पैसा लागला नाही.

वेग, डेटा आणि लाइट

जोडणी घेताना दुकानदार येणारा वेग सांगतो. तुम्ही जाणारा वेग विचारा. आपल्याला पाठवायचेही आहे. एका चित्राला जाताना एक एमबीपीएस आणि येताना एक एमबीपीएस मिळाला तरी काम चालते. या वेगाने तासाला एका बाजूचे ४५० एमबी होतात, दोन्ही मिळून ९०० एमबी. म्हणजे ज्याच्याकडे रोज दीड जीबीचा पॅक आहे, त्याचा अर्ध्याहून जास्त डेटा एका वंदनेत जातो. बांधकामावर, वीटभट्टीवर राहणाऱ्या आपल्या माणसाला हे परवडत नाही. त्यांना आपण सांगितले की, चित्र बंद करा, नुसता आवाज ठेवा. नुसत्या आवाजाला तासाला वीस-पंचवीस एमबी पुरतात. ज्याच्याकडे साधा बटणाचा फोन आहे, त्याला आपण इथून फोन लावतो आणि तो फोन माइकजवळ धरतो. त्याचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाते. याला कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

लाइट जाणे हे तर आपल्या पाचवीलाच पूजलेले. इंटरनेटचा डबा बहुतेक बारा व्होल्टवर चालतो, छोट्या यूपीएसवर तो बराच वेळ टिकतो. लॅपटॉप मात्र बंद पडतो. म्हणून कॅमेऱ्याचा मोबाईल कॉलमध्ये असतोच. लाइट गेली की त्याचाच माइक आणि आवाज चालू करायचा. डब्याने दगा दिला तर मोबाईलच्या सिमवर जायचे. एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे पाहिजे.

आणखी एक काळजी. लिंक आपल्या माणसांच्या गटातच द्यावी, सगळीकडे पसरवू नये. आपल्या लेकी-सुना त्यात बोलतात. कोणाचे बोलणे साठवून ठेवायचे असेल तर आधी त्यांना विचारावे.

'किरकोळ खर्च'

आता माझी चूक. सगळे नीट सुरू झाल्यावर समितीने ठरवले की, वार्षिक हिशेबाची सभाही दोन्ही बाजूंनी घ्यायची. कारण वर्गणी देणारे निम्मे लोक बाहेरगावी. खजिनदार मीच. मी हिशेब वाचला. वाचताना 'किरकोळ खर्च १,८५० रुपये' असे वाचून पुढे गेलो. इतकी वर्षे असेच वाचत आलो. खाली बसलेली मंडळी टाळ्या वाजवतात, हिशेब मंजूर होतो.

तेवढ्यात टीव्हीतून आवाज आला. आपल्याच वस्तीची सून, नवऱ्याबरोबर पुण्यात बांधकामावर जाते. डोक्यावर पदर, मागे पत्र्याची खोली. म्हणाली, "भाऊ, किरकोळ म्हंजी काय? आमी दोघांनी पाचशे धाडले व्हते. ते किरकोळात गेले का?"

खरं सांगतो, माझा पारा चढला. मनात आले, पाचशे रुपये देऊन ही मला हिशेब विचारते? मी म्हणालो, "ताई, वेळ कमी आहे, नंतर बोलू." आणि तिचा माइक बंद केला. बटण माझ्या हाताशीच होते. ती बोलतच होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. हॉल शांत झाला.

मागे भिंतीला टेकून त्याच आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकराचा आवाज काहून बंद केला रे? ती तर आली व्हती ना सभेला?"

मित्रहो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मुक्यांचा नायक म्हणून ज्यांचे नाव घेतो त्यांच्या फोटोखाली बसून मी एका कष्टकरी बाईला मुके केले होते. मी बटण उघडायला गेलो, तर उघडेना. मीटमध्ये तशी सोयच नाही. सभा चालवणारा दुसऱ्याचा माइक बंद करू शकतो, उघडू शकत नाही. ज्याचा त्याने उघडायचा. मला सगळ्यांसमोर म्हणावे लागले, "ताई, माझं चुकलं. तुमचं बटण तुम्हीच दाबा आणि बोला."

तिने दाबले. तोच प्रश्न पुन्हा विचारला, शब्दही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो. निघाले असे की, जयंतीच्या घाईत माइकवाल्याला आम्ही दोघांनी वेगवेगळे पैसे दिले होते. त्याच्या भाड्याचा एक आकडा खर्चात लिहिलेला, दुसरा आठवेना, म्हणून शिल्लक जुळवायला मी 'किरकोळ' लिहिले. माइकवाला भला माणूस. वही दाखवताच त्याने कबूल केले आणि पुढच्या कार्यक्रमात ते पैसे वळते केले. कोणी चोरी केली नव्हती. पण विचारणारी नसती तर विहाराचे १,८५० रुपये गेलेच होते, आणि मी प्रामाणिक म्हणून मिरवत राहिलो असतो. तेव्हापासून आपल्या हिशेबात 'किरकोळ' हा शब्द नाही.

तथागतांनीही विचारा म्हटले

धम्मात विचारण्याला केवढा मान आहे ते बघा. राजा मिलिंदाने प्रश्नावर प्रश्न विचारले आणि नागसेन भन्तेंनी उत्तरे दिली, त्याचा ग्रंथ झाला. राजाला गप्प बसवले नाही. तथागतांनी कुशिनाऱ्यात शेवटच्या घटकेला भिक्खूंना तीन वेळा सांगितले की, काही शंका असेल तर आताच विचारा, नंतर हळहळ नको. सगळे गप्प. तेव्हा तथागत म्हणाले की, माझ्याविषयीच्या आदराने कोणी विचारत नसेल तर त्याने मित्राला सांगावे, मित्राने विचारावे. पूज्य भन्तेजी समोर आहेत, माझे चुकत असेल तर त्यांनी दुरुस्त करावे.

ही युक्ती आपण वर्षावासात लावली. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाया-माणसं माइक पुढे केला की लाजतात. म्हणून आपण सांगितले, शेजारणीच्या कानात सांगा, ती विचारील. बाहेरगावचे आधी, हॉलमधले नंतर, आणि समितीचे सगळ्यात शेवटी, हा क्रम ठरवला. पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न आले. नंतर साठ मिनिटे पुरेनात. आता तर लेकरं भन्तेजींनाही अडचणीत आणतात, आणि भन्तेजी हसून म्हणतात, "वाचून पुढच्या रविवारी सांगतो."

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, सगळीकडे आपली विहारे आहेत. भन्ते मात्र थोडे. दसरा-दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. अशा वेळी चार विहारे एका कॉलने जोडली तर एका भन्तेंना चार ठिकाणी प्रश्न विचारता येतील, आणि फडावरच्या लेकराला रविवारची शिकवणी चुकणार नाही. ज्या विहाराला करायचे असेल त्यांनी आम्हाला बोलवावे. आपली पोरं येऊन लावून देतील, मजुरी घेणार नाहीत, जाण्या-येण्याचे भाडे तेवढे द्यावे.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो' नावाची मोठी वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मी त्याविषयी वाचले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून प्रकाश पाठवायचा, टोकाच्या आरशावरून तो परत येतो, आणि परत आलेले दोन्ही किरण एकत्र करून अगदी बारीकसा फरक मोजायचा. म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्राचेही सगळे काम परत आलेल्या उजेडावरच चालते. गेलेला परत आलाच नाही तर काही कळत नाही. आपली सोय आठ हजारांची आहे. पण नियम तोच.

शेवटी समितीपुढे एक सूचना ठेवतो. सभेचा माइक बंद करायचे बटण यापुढे खजिनदाराच्या, सचिवाच्या किंवा अध्यक्षांच्या हातात असू नये. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याच्या हातात ते नको. ते महिला मंडळाकडे द्यावे आणि दर महिन्याला हात बदलावा. माझ्याकडून ते काढून घ्यावे, अशी मीच विनंती करतो.

माझे बोलणे संपले. टीव्हीतल्या मंडळींनो, आता तुमची पाळी. आपापले बटण दाबा. आणि आजी, तुम्ही त्या दिवशी मोबाईलकडे बघून जयभीम म्हटला होता, त्याचे उत्तर राहिले होते. आज सगळ्या गावांतून मिळून घ्या.

नमो बुद्धाय! जयभीम!